पहिल्या हाकेची ओ

मोजणीदार गावात शिरला की सख्खे भाऊ एकमेकांकडे बघायचं बंद करतात. कालपर्यंत एका ताटात जेवलेले असतात, पण माझ्या शिपायाच्या खांद्यावरची साखळी खळखळली की एक पूर्वेला तोंड करून उभा राहतो आणि दुसरा पश्चिमेला. मी भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक होतो. एवढा अवघड शब्द गावात कुणाच्या तोंडात बसत नाही, म्हणून तोंडावर 'मोजणीसायेब' आणि माघारी त्यांना जे काही म्हणायचं असेल ते. जन्म लोणंदचा, सगळी नोकरी सातारा-सांगलीत, आणि आता साताऱ्यात गुडघे सांभाळत बसलोय.

संपादकबाई म्हणाल्या, दिवाळीचा अंक आहे, जरा खुसखुशीत लिहा. बाईंना काय सांगायचं? आमच्या धंद्यात खुसखुशीत म्हणजे मोजणीच्या दिवशी बांधावर येणारी भजी. दोन्ही पक्षांकडून येतात आणि साहेब कुणाची भजी जास्त खातो याच्यावर अख्ख्या भावकीचा डोळा असतो. मी आयुष्यभर घरचा डबा खाल्ला. बायको म्हणायची, तुमच्या प्रामाणिकपणापायी मला पहाटे उठावं लागतं.

धंदा बाहेरच्यांना समजावा म्हणून थोडक्यात सांगतो. बापाचं रान पोरांकडं दोनदा जातं. पहिल्यांदा कागदावर. बाप गेला की तलाठी सात-बारावर वारसांची नावं चढवतो. त्यात भांडायला काही नसतं, कारण कागदावरचा हिस्सा हा नुसता आकडा असतो, त्याला ना झाड ना विहीर. दुसऱ्यांदा ते जातं जमिनीवर, म्हणजे नेमकी कोणती सरी कुणाची ते ठरतं, आणि तिथं आमचं काम सुरू होतं. तीन पायांवर एक टेबल मांडायचं, त्यावर नकाशाचा कागद, कागदावर एक पट्टी. पट्टीच्या दोन्ही टोकांना उभ्या फटी. त्या फटीतून लांबवर धरलेल्या झेंडीकडं बघायचं, रेघ मारायची, साखळी ओढायची, चुन्याची फक्की टाकायची. मग दगड रोवायचा. दगड रोवला जाताना जो आवाज होतो तो ऐकून भलेभले गप्प होतात.

पाचगणीच्या अंगाला एक म्हातारे होते, स्ट्रॉबेरी लावणारे. त्यांनी जिवंतपणीच तीन पोरांत रान वाटून टाकायचं ठरवलं. अशा वेळी म्हाताऱ्या माणसाच्या पोटापाण्यासाठी एक तुकडा बाजूला ठेवायची रीत आहे, त्याला जिवाई म्हणतात. यांनी ती ठेवली नाही, पोरं सांभाळतील म्हणाले. दगड रोवून झाले आणि म्हातारे चालत माझ्याकडं आले. मला विचारलं, "सायेब, आता मी कुणाच्या रानात उभा हाय?" मी म्हटलं, थोरल्याच्या. ते दोन पावलं सरकले. आता? मधल्याच्या. आणखी सरकले. मग दोन वाट्यांच्या मधल्या चुन्याच्या पांढऱ्या रेघेवर पाऊल जुळवून उभे राहिले आणि हलेचनात. पोरांनी घरी चला म्हणून विनवलं. पुढं त्या बाजूला दोन-तीनदा जाणं झालं. चुना केव्हाच पावसात गेला होता, तरी म्हातारे त्याच ओळीत, नेमके दोन दगडांच्या मध्ये उभे. मी मोजणारा माणूस, मला कळत होतं की बोटभरही इकडं-तिकडं नाहीत. त्या वस्तीवर जायचं आलं की मी दुसऱ्या भूकरमापकाला पुढं करायला लागलो.

असो. सांगायचंय ते आटपाडीचं. पण त्याआधी माझ्या पुकाऱ्याबद्दल सांगायला हवं.

माझे वडील कोर्टात पट्टेवाले होते. आतून नाव आलं की व्हरांड्यात येऊन तीनदा पुकारा करायचा, हे त्यांचं काम. आवाज असा की बाहेर चहाच्या टपरीवर बसलेल्या पक्षकाराच्या हातातली बशी हिंदकळायची. वडिलांकडून मला रान मिळालं नाही, कारण नव्हतंच. आवाज तेवढा मिळाला, आणि मी तो वापरला. वाटपाची मोजणी सुरू करण्याआधी टेबलाजवळ उभं राहून मी प्रत्येक हिस्सेदाराच्या नावाचा तीनदा पुकारा करायचो. ज्यानं ओ दिली त्यानं आपल्या कोपऱ्यात झेंडी वर करायची. नाही दिली तर पंचनाम्यात लिहायचं, 'तीन वेळा पुकारा करूनही गैरहजर'. हे कुठल्या नियमात नव्हतं, माझं स्वतःचं होतं. पण त्यामुळं नंतर कुणा वकिलाची हिंमत व्हायची नाही म्हणायला की आमचा अशील झाडामागं होता आणि त्याला कुणी विचारलंच नाही.

सगळ्यात मोठा पुकारा मी खंडाळा तालुक्यात एका बौद्ध कुटुंबाचा केला. जुन्या इनामाचं रान, पिढ्या वाढत गेलेल्या, कुणी पुण्यात बँकेत, कुणी मुंबईत नर्स, कुणी मास्तर. एकेकाच्या वाट्याला बाज टाकण्याएवढी जागा येणार होती. सगळे सुटी काढून आले आणि नाव घेतलं की शाळेतल्यासारखं खणखणीत 'हजर' म्हणाले. पुकारा संपल्यावर त्यांनी मला टेबल आवरायला लावलं. गावात राहून ते रान कसणाऱ्या चुलतीला सगळ्यांनी आपापले हिस्से सोडले होते, फक्त ते तिच्या समोर, रानात उभं राहून सांगायचं होतं. त्या दिवशी मात्र मी भजी खाल्ली.

आटपाडी तालुक्यात माझी बदली झाली ती नव्वदीच्या दशकात. दुष्काळी मुलूख, बाभळी, घायपात आणि मैलभरावरून दिसणारी माणसं. पहिल्याच मोजणीला मी पुकारा केला. नाव घेतलेला माणूस हाकेच्या काय, टाचणी पडली तरी ऐकू येईल एवढ्या अंतरावर उभा होता आणि माझ्या तोंडाकडं बघत होता. ओ नाही. दुसऱ्यांदा बोंबललो. नाही. माझं डोकं फिरलं. तिसऱ्यांदा ओरडलो तसा तो निवांतपणे म्हणाला, "ओ, हाय की." मी त्याला फाडफाड बोललो. तेव्हा तलाठ्याच्या हाताखालच्या नामदेव कोतवालानं मला बाजूला घेतलं.

तो म्हणाला, सायेब, आमच्याकडं पहिल्या हाकेला कोणी ओ देत नाही. बाहेरची बाधा असते ना, तिला एकदाच हाक मारता येते. आपण पहिल्याच हाकेला ओ दिली की गेलो तिच्या मागं. तिसऱ्यांदा हाक आली म्हणजे मारणारा माणूस आहे हे पक्कं, मग ओ द्यायची. लेकरू बोलायला लागलं की आई त्याला आधी हे शिकवते. मी हसलो. पण मला ते सोयीचंच होतं, माझा पुकारा तीनदाच असायचा. पुढं मला त्या दोन हाकांच्या शांततेची सवय झाली.

तर त्या तालुक्याच्या पूर्वेला एक वाडी आहे. नाव सांगत नाही, माणसं अजून आहेत. तिथल्या हौसाबाईंना दोन मुलगे, थोरला दत्तू आणि धाकटा यशवंत. दत्तू शेती बघायचा, यशवंत फौजेत. त्या भागात घरटी एक माणूस फौजेत असतोच. यशवंताचं लग्न झालं, सुमन घरात आली, आणि पुढच्या सुटीनंतर यशवंत मिरजेला गाडीत बसला तो पलटणीत पोचलाच नाही. पलटणीचं पत्र आलं, पोलीस येऊन गेले, सगळीकडं शोधलं. माणूस हवेत विरावा तसा गेला. मूलबाळ नव्हतं. मागून दत्तू-यशवंताचे वडीलही गेले आणि सात-बारावर तीन नावं चढली, हौसाबाई, दत्तात्रय आणि यशवंत.

आता यातली मेख समजून घ्या. ज्या माणसाची सात वर्षं कुणालाच खबर नाही, म्हणजे ज्यांना असायला हवी त्यांनाही नाही, त्याला कायदा मेलेला धरतो. सुमननं तसा दावा लावला होता. यशवंत मेला असं ठरलं तर त्याचं रान तिच्या आणि सासूच्या नावावर येणार होतं. पण तो जिवंत असेल तर रान त्याचंच, आणि मालक परत येईपर्यंत ते कसणार दत्तू. म्हणजे उलटंच होतं सगळं. भावाला भाऊ जिवंत हवा होता आणि बायकोला नवरा मेलेला.

दत्तू सगळीकडं सांगत फिरायचा की यशवंत फौजेतून पळालाय, पकडतील म्हणून लपून राहतो, पण येऊन-जाऊन असतो. मागच्या साली ओढ्यात दिसला, त्याच्या आदल्या साली जत्रेत. हौसाबाईंचा त्यावर ठाम विश्वास. आई ती, तिला दुसरं काय हवं होतं? कोर्टातही त्या सांगून आल्या होत्या की माझा पोरगा आहे. मोजणीच्या आदल्या दिवशी मी रान बघायला गेलो तर मला म्हणाल्या, त्याचा दगड जरा आत घ्या साहेब, त्याची बैलगाडी वळायला जागा पाहिजे. बैलगाडी कुठली, घरात बैलही उरले नव्हते.

यशवंताच्या वाट्याला येणारा तुकडा ओढ्याकडचा होता. तिथं डाळिंबाची झाडं होती, सगळी सुमननं लावलेली. रोपं माहेरून डोक्यावर आणलेली आणि दोन उन्हाळे ओढ्यात खड्डा खणून घागरीनं पाणी घालून जगवलेली. सासू थकली की दत्तू आपल्याला घराबाहेर काढणार हे तिला स्वच्छ दिसत होतं, आणि ते मलाही दिसत होतं. तिशीतली बाई, हात मात्र साठीचे. कपाळावर ठसठशीत कुंकू. माझ्या शिपायानं चोंबडेपणा करून तिला विचारलं की नवरा मेला म्हणतेस आणि कुंकू लावतेस, हे कसं? ती त्याच्याशी बोललीच नाही. माझ्याकडं बघून म्हणाली, "सायेब, मला कुंकू बी पायजे आन् रान बी पायजे. पर कायदा म्हंतो दोनातलं एकच घे."

मला त्या बाईची लाज वाटली. म्हणजे तिची नव्हे, तिच्यापुढं टेबल मांडून बसल्याची.

मोजणीचा दिवस चैत्रातला. सकाळी खुणा शोधण्यात वेळ गेला आणि पुकाऱ्याला उभा राहिलो तेव्हा सूर्य डोक्यावर आलेला. टळटळीत ऊन, वारा पडलेला, जमिनीवरून वाफा निघत होत्या. टेबल रानाच्या मधोमध. दत्तू उत्तरेच्या कोपऱ्यात झेंडी घेऊन. हौसाबाई बाभळीच्या सावलीला आणि सुमन डाळिंबात. दोन पंच आणि नामदेव माझ्याजवळ. ओढ्याच्या बाजूचा यशवंताचा कोपरा रिकामा होता, तिथं आम्ही काठी रोवून झेंडी बांधली होती. त्याच्या मागं घायपाताची दाट रांग, तिच्यापलीकडं कोरडा ओढा.

हौसाबाईंचा पुकारा केला. तिसऱ्या हाकेला त्यांनी बारीक आवाजात ओ दिली. दत्तूचा केला. तोही तिसऱ्या हाकेला ओरडला आणि झेंडी हलवली. मग मी ओढ्याकडं तोंड केलं आणि वडिलांचा आवाज काढला.

"यशवंत ज्ञानोबा..."

"ओ."

मी पुढच्या हाकेसाठी श्वास घेत होतो, तो छातीतच राहिला. आवाज ओढ्याकडून आला होता, घायपातातून. मोठा नव्हता. लांबवर राबणारा माणूस मान वर न करता देतो तशी साधी ओ. पण ती आली कशी, हे सांगणं अवघड आहे. आवाजाला अंतर नव्हतं. घायपात बराच लांब होता आणि ओ माझ्या कानाशी दिल्यासारखी स्पष्ट होती. उन्हात उभा असून माझ्या दंडावर काटा आला. एका पंचानं टोपी काढून छातीशी धरली. नामदेव नुसताच माझी बाही ओढत होता. तिकडं दत्तूच्या हातून झेंडी गळून पडली होती आणि ती उचलायचंही त्याला भान नव्हतं.

हौसाबाई उठल्या. त्या वयात ती बाई ढेकळांतून अशी धावली की मी बघत राहिलो. "आला, माझा पोरगा आला," एवढंच म्हणत होत्या. मी मनात म्हटलं, संपलं सुमनचं. चार माणसांनी, त्यात एक सरकारी, यशवंताची ओ ऐकली. आता सात वर्षं कसली नि दावा कसला. दत्तूला हवं होतं ते माझ्याच तोंडून झालं होतं.

सुमन डाळिंबातून आडवी आली आणि तिनं सासूला दोन्ही हातांनी धरलं. तिचं तोंड पांढरंफटक पडलेलं, पण आवाज हलला नाही.

"आत्याबाई, कितव्या हाकेला ओ आली?"

हौसाबाई सुटायची धडपड करत होत्या.

"कितव्या हाकेला, सांगा की."

"पयल्या," हौसाबाई म्हणाल्या, आणि थांबल्या.

"तुमच्या ल्योकाला तुमी काय शिकिवलं हुतं?"

हौसाबाईंच्या अंगातलं बळ हळूहळू जाताना दिसत होतं. त्या सरीतच खाली बसल्या. सुमन त्यांच्या शेजारी बसली. मला काय करावं सुचेना, आणि सुचत नाही तेव्हा मी नियमाला धरतो. मी दुसरी हाक दिली. काही नाही. तिसरी दिली, आवाज चिरकला माझा. ओढ्याकडून काहीच आलं नाही. नुसतं ऊन हलत होतं.

मग हौसाबाई बोलल्या, माझ्याशी नाही, मातीशी बोलल्यासारखं. म्हणाल्या, घरात त्याचं नाव कुणी घेत नाही. ही घेत नाही, बायकांनी घ्यायचं नसतं. दत्तू घेत नाही. मी घ्यायला गेले की गळा भरून येतो. किती साल झालं त्याला कुणी हाक मारली नव्हती. मग त्यांनी वर बघितलं.

"ज्याला कुनी हाक मारीत न्हाई, त्योच पयल्या हाकंला ओ देतो, सायेब. जित्ता असता तर थांबला असता. लिवा तुमी. माझा ल्योक न्हाई म्हनून लिवा."

मी पंचनाम्यात माझं नेहमीचंच लिहिलं, तीन वेळा पुकारा करूनही गैरहजर. सरकारी भाषेत पहिल्या हाकेला जागा नाही. पण हौसाबाईंनी पुढं कोर्टात जाऊन आपला आधीचा जबाब फिरवला, मुलाची कसलीच खबर नाही असं सांगून अंगठा दिला, त्याच्या रानातला स्वतःचा वाटाही सोडला, आणि त्या अंगठ्यावर सुमनला रान मिळालं. गावातल्या काही म्हाताऱ्या तिच्या बांगड्या फोडायला आल्या होत्या. नामदेवानं मला नंतर सांगितलं की हौसाबाईंनी त्यांना उंबऱ्यातूनच परत पाठवलं. म्हणाल्या, पोरगा माझा होता, त्याला मी मेला म्हटलं. बांगड्या तिच्या आहेत. पुढं त्या सुमनजवळच राहिल्या.

आता माझं. त्या दुपारी मी घायपाताच्या मागं जाऊन बघायला हवं होतं. पण पाय उचलले नाहीत, खोटं कशाला सांगू? रात्रभर मात्र डोक्यात तेच. मोजणीदाराचं डोकं आहे, रेघ जुळल्याशिवाय झोप लागत नाही. दुसऱ्या दिवशी दगड रोवायला गेलो तेव्हा आधी तडक ओढ्यावर गेलो. घायपाताच्या मागं गवत बसून बसून दबलेलं होतं. विड्यांची थोटकं पडलेली. आणि थोडं पुढं, ओढ्यात उतरायच्या वाटेवर, टायरच्या तळव्याची एक चप्पल उलटी पडलेली, पळताना निसटल्यासारखी.

मी तिथंच खाली बसून हसलो. एवढं मोकळं मी बऱ्याच दिवसांत हसलो नव्हतो. सगळी रेघ जुळली. दत्तूनं कुणाला तरी तिथं बसवलं होतं. यशवंताच्या नावाचा पुकारा झाला की ओ दे आणि पळ, म्हणजे पंचांदेखत भाऊ जिवंत ठरतो. पण माणूस आणला असणार बाहेरचा, ज्याला इथली रीत ठाऊक नाही. तो शहाणा पहिल्याच हाकेला ओरडून मोकळा झाला. चूक लक्षात आल्यावर पुढच्या दोन हाकांना गप्प. म्हणून दत्तूचं तोंड उतरलं, म्हणून झेंडी पडली. चप्पल मी ओढ्यातल्या एका खड्ड्यात टाकून दिली आणि वर माती लोटली. हौसाबाईंना सांगितलं असतं तर त्या पुन्हा वाट बघत बसल्या असत्या आणि सुमनचं रान गेलं असतं. मोजणीदाराला कुणी विचारलं नव्हतं, मी सांगितलं नाही.

ही गंमत मी नंतर खूप ठिकाणी सांगितली. ऑफिसात, लग्नात, निवृत्तीच्या समारंभातसुद्धा. नावं वगळून. दत्तूचा डाव त्याच्याच आईच्या शिकवणीनं कसा उधळला, म्हणून लोक टाळ्या द्यायचे. संपादकबाईंनाही मी तीच देणार होतो.

गेल्या महिन्यात दत्तू माझ्या घरी आला. पत्ता विचारत विचारत साताऱ्यात पोचला होता. म्हातारा झाला होता, धोतर सैल, हाताला कंप. हौसाबाई जाऊन बरीच वर्षं झाली म्हणाला. सुमनचं डाळिंब आता मोठं झालंय, दोन गडी राबतात तिच्याकडं. त्याच्या स्वतःच्या पोरांत आता रानावरून जुंपली होती आणि वाटप कसं करावं हे विचारायला आला होता. मी त्याला आधी जिवाई बाजूला काढ म्हणून सांगितलं. काम झालं, चहा आला. मला राहवेना. इतक्या वर्षांनी आता काय बिघडतंय म्हणून मी त्याची फिरकी घेतली. म्हटलं, दत्तोबा, त्या दिवशी घायपातात कुणाला बसवलं होतं? कुठलं येडं शोधलं होतंस, पहिल्याच हाकेला ओ देणारं?

दत्तूनं कप खाली ठेवला. मला वाटलं चिडेल, नाहीतर हसेल. त्यातलं काहीच नाही.

"मेव्हणा हुता माझा," तो म्हणाला. "जतचा. तुमाला ठावं हुतं व्हय?"

मी म्हटलं, चप्पल सापडली. जतकडं ही रीत नाही का?

"हाय की. त्याला ठावं हुतं आन् वर मी बी निक्षून सांगितलं हुतं, तिसरी हाक झाल्याबिगर तोंड उघडायचं न्हाई म्हनून." तो माझ्याकडं न बघता बोलत होता. "त्यानं उघाडलंच न्हाई, सायेब. त्यो तिसऱ्या हाकंची वाट बघत दम धरून बसला हुता. तवर त्येच्या शेजारनं कुनीतरी ओ दिली."

मी विचारलं, शेजारी कोण होतं?

"कोन बी न्हवतं. म्हनून तर पळाला. त्या दिसापासून मेव्हणा आमच्या वाडीत पाऊल टाकत न्हाई."

माझ्या घरात भरदिवसा, बायको आत स्वयंपाक करत असताना, माझ्या दंडावर पुन्हा तोच काटा आला. इतकी वर्षं मी जुळवलेली रेघ समोर उकलून पडली होती. दत्तूनं डोळे पुसले. भावाच्या नावावर मी त्याच्याच बायकोचं रान खायला निघालो होतो, म्हणाला. भाऊ हाय, भाऊ येतो, असं साऱ्या मुलुखाला खोटं सांगितलं, आणि त्या दिवशी तो खरंच आला.

मी कसाबसा म्हणालो, अरे, आला असेल तर तुझंच खरं झालं असतं की. तिसऱ्या हाकेला ओ दिली असती तर.

दत्तू उठला आणि त्यानं टोपी डोक्यावर ठेवली.

"माझ्यासाठनं न्हवता आला त्यो. माझ्याच आईचा ल्योक, सायेब. कितव्या हाकंला ओ दिली म्हंजी रान कुनाला जाईल, त्येला ठावं हुतं."